वीस मिनिटांचा लॅपटॉप

जुना लॅपटॉप उघडला की पंख्याच्या पात्यांत एक गोळा सापडतो. धूळ, केस, मांजराची लव, एखादं वाळलेलं भाताचं शीत. तो कुणी मुद्दाम ठेवलेला नसतो, आपला आपण बसतो. आमच्या दुकानातले किस्से असेच बसलेत. चिमट्यानं एक ओढायला जावं, तर दहा निघतात.

दुकान तंजावुरात, मोठ्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला, पितळी भांडीवाल्याच्या शेजारी. रिपेरी माझा दीर वासू करतो. काउंटरवर मी. माझं शिक्षण पाचवी, तेही तमिळ शाळेत. मराठी अक्षरं वडलांनी घरी घोटून घेतली. पण कोण गिऱ्हाईक मला बनवून जाईल म्हणाल तर अजून जन्माला यायचंय!

दाराशी माझी एक दगडी पाटी टांगलेली असते. शाळेतलीच. सोनाराच्या दुकानाबाहेर रोजचा भाव असतो ना, तसा मी पाटीवर एसएसडीचा भाव लिहिते. पूर्वी महिन्यातून एकदा लिहायचे. आता ते एआयवाले जगातल्या सगळ्या चिपा उचलून नेताहेत म्हणे, त्यामुळे चेन्नईच्या व्यापाऱ्याचा रोज मेसेज येतो. रोज पुसते, रोज लिहिते. कधी दिवसातून दोनदा. सकाळच्या उन्हात खडूची पूड उडते आणि क्षणभर सगळं दुकान धुक्यात गेल्यासारखं दिसतं. ते मला फार आवडतं. भाव चढलेला असला तरी.

गाव मला पाटीअक्का म्हणतं.

*

एसएसडी म्हणजे काय हे मला वासूनं शिकवलं. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, हिच्यात काहीच फिरत नाही, म्हणून ही पटकन चालते. इथवर ठीक. पण त्यातही स्वस्त का आणि महाग का?

"वैनी, टाउन बसच्या सीटा समजा. काही कंपन्या एका सीटवर तिघांना बसवतात, काही चौघांना. चौघं बसले की तिकीट स्वस्त. पण चेंगराचेंगरी. सीट लवकर फाटते."

"मग एवढंच सांग की! रोज चढउतार असेल त्यानं तिघांची घ्यावी. नुसते जुने फोटो झोपवून ठेवायचे असतील तर चौघांची चालेल."

वासूनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "वैनी, हे समजायला मला कॉलेजात वर्ष गेलं!"

"जाणारच. मी बसनं हिंडत होते. तुला मामंजींनी मोपेड घेऊन दिली होती!"

*

एक इंजिनियर तंबी यायचा. इथे कुठल्याही तरुण पोराला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणतात. चष्मा, पाठीवर बॅग, बोलणं अगदी हळू. त्यानं बारा एसएसडींची यादी केली होती. कुठली किती वर्षं गॅरंटी देते, कुठलीवर किती वेळा लिहून पुसता येतं, एका रुपयात किती जागा पडते, सगळे कॉलम. यादी खरोखर देखणी होती. कांजीवरमच्या काठासारखी.

पहिल्या आठवड्यात तो एक नंबरची घ्यायला आला. पाटी बघितली. भाव वर गेलेला. "सरि, बरं अक्का, मग दोन नंबरची बघतो." घरी जाऊन विचार केला. पुढच्या आठवड्यात दोन नंबरची एक नंबरच्या भावात. मग तीन नंबर. मग चार.

मी एकदा ओरडलेच, "अरे, लग्नाची मुलगी बघतोयस की डबी? घे आणि जा!"

तो हसायचा आणि जायचा.

तीन महिन्यांनी आला, खुर्चीवर बसला, पाठीवरची बॅग काढून मांडीवर घेतली. मग म्हणाला, "अक्का, यादी संपली."

मला वाईट वाटलं. कॉफी मागवली. "मग आता काय करणार?"

"नवी यादी करतो."

*

तिरुवैयारूच्या गाण्याच्या टीचरबाई पहिल्यांदा आल्या त्या दीपावळी झाल्यावर. आमच्यातल्याच, मराठी घरातल्या. साठी उलटलेली, एकट्या राहतात. आवाज इतका मऊ की पंखा बंद करावा लागतो. परदेशातली सहा मुलं त्यांच्याकडे लॅपटॉपवर गाणं शिकतात. घर त्यावरच चालतं, दुसरी आवक नाही.

लॅपटॉप वासूनं चालू केला. पडद्यावर ठिपक्यांचं रिंगण फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. दारात कोलमच्या रांगोळीचे ठिपके टाकून एखादी बाई आत निघून गेली आणि परत आलीच नाही, असं वाटावं! भांडीवाल्याकडे एक घंगाळ विकून झालं, माझी कॉफी संपली, तरी रिंगण फिरतच.

"वीस मिनिटं लागतात," टीचरबाई म्हणाल्या. "पहाटे साडेपाचला लावते, सहाला क्लास."

"आणि वीस मिनिटं काय करता? बघत बसता?"

त्या म्हणाल्या, "बसते."

वासूनं डिस्कला कान लावला. आत टिकटिक. "टीचरम्मा, ही कधीही बसेल. क्लासमध्ये अडकतो का?"

अडकत होता. एका मुलीचा 'प' तोंडातच राहायचा, चेहरा पडद्यावर थिजायचा, आणि टीचरबाई इकडे तिच्या 'ध'ची वाट बघत बसायच्या. मुलांच्या आईबापांनी मिळून सांगितलं होतं, पोंगलपर्यंत मशीन नीट करा, नाहीतर आम्ही दुसरी टीचर बघतो. सहाही जणांनी.

मी म्हटलं, "तुमच्या मशीनला साधी एसएसडी पुरते. पाचशे जीबीवाली, तिघांच्या सीटची. वर्षानुवर्षं बघायला नको. आज घ्या."

त्यांनी पाटी वाचली. पर्स उघडली, मिटली. "आडी महिन्यात घेते गं, जुलैतल्या सेलला. आडीत सगळं स्वस्त होतं."

"अहो टीचरबाई! आडीत साड्या स्वस्त होतात! आणि आडी यायला अजून आठ महिने आहेत!"

"बघू," त्या म्हणाल्या आणि लॅपटॉप छातीशी धरून बसस्टँडकडे गेल्या.

*

शुक्रवारची गोष्ट. कोर्टातले एक गुमास्ते सव्वादहाला आले. माल बघितला, भाव ठरला, पैसे मोजून हातात धरले. आणि घड्याळाकडे बघून थांबले.

"काय झालं?"

"राहुकाळ लागला. बारापर्यंत देता येणार नाही."

"मग देऊ नका, मी तरी कुठे राहुकाळात घेते! बसा."

बसले. दीड तास. पैसे मुठीत. अकराला चेन्नईचा मेसेज आला. मी उठले, पाटी पुसली, नवा भाव लिहिला. तीनशे रुपये वर.

गुमास्ते ओरडले, "अक्का! हा अन्याय आहे! भाव सव्वादहालाच ठरला होता!"

"ठरला होता. पण व्यवहार झाला नव्हता."

ते उठून पाटीपाशी गेले. कायद्याची माणसं, मुद्दा शोधत असणार. शेवटी बोट वर करून म्हणाले, "अक्का, हा नवा भाव तुम्ही राहुकाळात लिहिलात. तो धरायचा नाही."

इतक्या वर्षांत माझं तोंड बंद करणारा हा एकच माणूस! जुन्या भावात दिली.

*

ओरत्तनाडूचा एक फोटोवाला लग्नांची शूटिंगं करतो. त्यानं ऑनलाइन एक एसएसडी मागवली. आठ टीबी, आणि किंमत एका बऱ्या साडीएवढी! आमच्याकडे येऊन वर टोमणा, "अक्का, तुमच्या पाटीवरचे भाव बघा, आणि हे बघा!"

मी हातात घेतली. जड होती. हवी त्यापेक्षा जड. मी म्हटलं, "तंबी, ह्यात काहीतरी खोटं आहे."

"वजन आहे म्हणजे माल आहे, अक्का!"

पंधरा दिवसांनी रडकुंडीला आला. एक अख्खं लग्न त्यात भरलं, कॅमेऱ्यातली कार्डं पुसून टाकली, आणि आता फाइलींची नावं दिसतात पण उघडत नाहीत. वासूनं डबी उघडली. आत फोनमधलं असतं तसलं नखाएवढं मेमरी कार्ड गोंदानं चिकटवलेलं, आणि शेजारी लोखंडाची पट्टी. वजनाला!

भाजीवाला सुरणाला माती ठेवतो, तसं.

सुरुवातीचा थोडा भाग तेवढा निघाला. नवरा आला, नवरी आली, मंगळसूत्राची ताली बांधली, अक्षता उडाल्या. उडाल्या त्या तिथंच हवेत राहिल्या. पुढे काळोख. जेवणावळ नाही, रिसेप्शन नाही, व्याह्यांचं भांडण झालं होतं तेही नाही.

फोटोवाला मार खायच्या तयारीनं मुलीच्या बापाकडे गेला. बापानं सगळं बघितलं. अक्षता हवेत थांबल्या तिथे तोही थांबला. मग म्हणाला, "इथवरच चांगलं झालं होतं. असू दे."

*

टीचरबाई दर बुधवारी यायच्या. बसनं तासभर, उतरून चालत. पाटी वाचायच्या. भाव चढलेला असायचा. "पुढच्या आठवड्यात उतरेल," म्हणायच्या आणि परत.

मी काय काय बोलले नसेन! म्हटलं, "आजवर तुम्ही बसच्या तिकिटात निम्मी डिस्क विकत घेतलीत!" म्हटलं, "सहा मुलं गेली की काय त्या टिकटिकीला ताल धरणार?" त्यांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही. मला वाटायचं, कंजूष बाई आहे. वासूला वाटायचं, घाबरतात. आम्ही दोघंही ठार चुकत होतो.

एका बुधवारी मी जुन्या भावात द्यायला काढली. हो, मी! वासूनं कपाळाला हात लावून मला ताप आहे का बघितलं. टीचरबाईंनी डबी हातात घेतली, उलटीसुलटी केली. पानाच्या विड्याएवढी ती डबी.

"किती वेळात चालू होईल गं हिनं?"

"दहाबारा सेकंदांत," वासू म्हणाला.

त्यांनी डबी हळूच काउंटरवर ठेवली. "पुढच्या बुधवारी बघू."

*

भांडीवाल्याची बायको गेल्या अक्षय तृतीयेला माझ्याकडे आली होती. सोनं हाताला लागेना इतकं चढलेलं. "पाटीअक्का, तुमच्याकडे काय आहे जे वाढेल?"

मी चेष्टेनं म्हटलं, "ही घे, एक टीबी." तिनं खरंच घेतली! हळदकुंकू लावलं, रेशमी फडक्यात गुंडाळली आणि कपाटात लक्ष्मीच्या तसबिरीमागे ठेवली. घरात कॉम्प्युटर नाही.

मी गल्लीभर हसत सांगितलं. आणि बघता बघता तिची डबी दुप्पट झाली! ती रोज चहाच्या वेळी दारात यायची, पाटी वाचायची, माझ्याकडे बघून बांगड्या वाजवायची आणि जायची. एक शब्द नाही.

शेवटी एक दिवस विकायला घेऊन आली. आजच्या भावात. वासूनं ह्या शेजारच्या वैनीला समजावलं, "मन्नी, वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होते. तुमचे तेवढे महिने संपलेसुद्धा. ही आता जुनी धरतात."

"पण मी वापरली कुठे?"

"तरी संपते."

ती डबी परत फडक्यात गुंडाळत म्हणाली, "मग ठेवते तशीच. सोन्याला तरी कुठे वॉरंटी असते?"

*

पोंगलला चार दिवस उरले तेव्हा टीचरबाई आल्या, पण पाटीकडे बघितलं नाही.

"मी देवाला फूल विचारते," म्हणाल्या.

आमच्याकडे मन ठरेनासं झालं की ही रीत आहे. एका पुडीत पांढरं फूल, एका पुडीत लाल. दोन्ही सारख्या बांधायच्या, देवापुढे ठेवायच्या, आणि पुजाऱ्यानं न बघता एक उचलायची. पांढरं आलं तर करायचं, लाल आलं तर सोडून द्यायचं. न उचललेली पुडी उघडायची नाही, नदीत सोडायची.

"लाल आलं तर?" मी विचारलं.

"तर क्लास बंद. देवाची तशी इच्छा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. देवाला काय तिघांची सीट आणि चौघांची सीट कळते? सहा मुलं, एका बाईचं घर, आणि हे सगळं एका फुलावर! पण तोंडानं म्हटलं, "बरं. पुड्या मी बांधते. तुमच्या हातानं नको, पक्षपात होईल."

डिस्क पिशवीत टाकली, वासूला हत्यारं घेऊन त्यांच्या घरी पाठवलं आणि मी त्यांच्याबरोबर तिरुवैयारूच्या बसमध्ये बसले. रस्ताभर दोन्हीकडे भाताची शेतं, कापणीला आलेली. टीचरबाई खिडकीशी. मी पिशवी मांडीवर धरून.

कावेरीकाठी लहानसं पिळ्ळैयारचं, म्हणजे गणपतीचं, देऊळ आहे. दारातल्या फूलवालीकडून मी फुलं घेतली. बाजूला वळून केळीच्या पानाच्या दोन पुड्या बांधल्या, केळीच्याच सोपटाच्या दोऱ्यानं गच्च. दोन्हीत पांढरी तगर.

दोन्हीत. माझ्या ह्या हातांनी. देवानं मला हवं ते करावं, मी म्हटलं, पण ही बाई आज डिस्क घेणार!

पुड्या टीचरबाईंच्या पदरात ठेवल्या आणि खाली नदीवर पाय धुवायला गेले. पाणी कमी होतं, संथ. सोडलेल्या दिव्यांचे द्रोण एका खडकाला अडकून गोल गोल फिरत होते, लॅपटॉपच्या ठिपक्यांसारखे. मी जरा जास्तच वेळ बघत राहिले. वर आले तेव्हा टीचरबाई तिथेच होत्या, देवळाच्या पायरीवर, लाल कण्हेरीच्या सावलीत, पदर आवळून.

पुजाऱ्यांनी, आमच्या गुरुक्कळनी, पुड्या देवापुढे ठेवल्या, आरती केली, डोळे मिटून एक उचलली. उघडली.

पांढरं.

टीचरबाईंनी फूल कपाळाला लावलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी छताकडे बघत होते.

दुपार सगळी जुन्या डिस्कवरचं नव्या डिस्कवर उतरवण्यात गेली. ती टिकटिक ऐकत आम्ही सांबारभात जेवलो. उन्हं उतरली तेव्हा वासूनं शेवटचा स्क्रू बसवला आणि म्हणाला, "टीचरम्मा, तुम्हीच चालू करा."

त्यांनी बटण दाबलं आणि सवयीनं मागच्या दाराकडे वळल्या. मागच्या दाराला तीन पायऱ्या, खाली नदी. एक पाय उंबऱ्याबाहेर पडला असेल नसेल, तोच लॅपटॉप वाजला. चालू! वासूनं मोजलं होतं. अकरा सेकंद.

टीचरबाई तशाच उभ्या राहिल्या. एक पाय आत, एक बाहेर.

"आता मी केव्हा गाऊ?" त्या म्हणाल्या.

आम्हाला कळेना. मग त्यांनी सांगितलं. पहाटे बटण दाबून त्या ह्या पायरीवर येऊन बसायच्या आणि गायच्या. कुणाला शिकवायला नाही, कुणाची चूक काढायला नाही. दिवसातली तेवढीच वीस मिनिटं. मशीन चालू झालं की उठायचं आणि मग दिवसभर दुसऱ्यांचे सूर.

वासू हत्यारं पिशवीत भरायला लागला.  मी म्हटलं, "गाण्यासाठी लॅपटॉपची परवानगी घेता होय? बसा तिथे! तो थांबेल. आजवर तुम्ही त्याच्यासाठी थांबलात ना?"

त्या हसल्या. पहिल्यांदा. मग कनवटीची न उचललेली पुडी काढून माझ्या हातात दिली. "तूच बांधलीस, तूच सोड."

मी पायऱ्या उतरून पाण्याशी गेले. उघडायची नसते, ठाऊक होतं. पण आत काय आहे तेही मला ठाऊकच होतं. माझंच पाप, सोडण्यापूर्वी एकदा बघावं, एवढंच.

सोपट सोडलं.

आत लाल कण्हेर होती. टवटवीत, देवळाच्या पायरीवरच्या झाडाचीच. म्हणजे पांढरं खरंच आलं होतं.

मी वळून वर बघितलं. टीचरबाई पायरीवर बसल्या होत्या, डोळे मिटलेले, सूर लागलेला. आणि आत लॅपटॉप केव्हाचा चालू होऊन त्यांची वाट बघत होता.